काळजी करणे आणि काळजी घेणे



आपल्या अंकाच्या संपादक मंडळींनी आमच्यावर एक काम सोपवले आहे. "तुमच्या घरावर प्रसंग काही कमी आले नाहीत, तरी तुम्ही दोघे इतके शांत कसे, ते एकदा लिहून द्या," असे त्यांचे म्हणणे. आम्ही शांत असतो असे आमच्या मुलांना कोणी सांगितले तर ती हसतील. पण चिंता आणि भीती यांच्याशी आमची जुनी ओळख आहे, आणि ख्रिस्तावरील श्रद्धेने त्या ओळखीत आम्हांला काय दिले, ते सांगण्यासारखे आहे असे वाटल्याने हा लेख लिहायला घेतला. मंडळात निरनिराळ्या श्रद्धांची घरे आहेत. कोणाला उपदेश करावा असा हेतू नाही. शेजारच्या घरात काय शिजते ते आपण जसे कौतुकाने विचारतो, तसे हे वाचावे.

आपल्या मराठीत 'काळजी' हा मोठा गमतीचा शब्द आहे. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. शब्द एकच, पण दोन्हींत जमीनअस्मानाचे अंतर. काळजी करणारा माणूस रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेला असतो. काळजी घेणारा उठून तापलेल्या लेकराच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतो. जाग दोघांनाही आहे, पण एकाची रात्र वाया गेली आणि दुसऱ्याची कामी आली. आमच्या श्रद्धेने काळजी नाहीशी केली नाही. 'करण्या'कडून 'घेण्या'कडे कसे वळावे ते मात्र शिकवले. एवढेच आम्हांला सांगायचे आहे. पुढचे सारे त्याचे दाखले.

परदेशातल्या संसाराची चिंता देशातल्या चिंतेपेक्षा वेगळ्या जातीची असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. गावाकडे नोकरी गेली तर नोकरी जाते, घर राहते. इथे नोकरीला व्हिसा बांधलेला, व्हिसाला घर, घराला मुलांची शाळा. एक दोरा ओढला की सगळी वीण उसवते. त्यात भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक घरमालकाकडे दिलेले. पूर्वी खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर तो फौजदारी गुन्हा होई. जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला आणि बहुतेक प्रकरणांत तो धाक गेला, पण त्याआधीची वर्षे ज्यांनी काढली त्यांना 'चेक' या शब्दाने अजूनही पोटात गोळा येतो. आणि सर्वांत मोठी भीती म्हणजे अपरात्री वाजणारा फोन. भारताचे घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिकडे पहाटे साडेचारला काही झाले की इकडे तीन वाजता फोन वाजतो. बर्शाच्या आमच्या इमारतीत अशी एकही मराठी खोली नसेल, जिथे उशाशी फोन ठेवून कोणी झोपत नाही.

अशा माणसांना ख्रिस्ताचे डोंगरावरचे प्रवचन पहिल्यांदा ऐकताना थोडे अवघडच वाटते. पाखरे पेरीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी देव त्यांना चारा देतो. रानातली फुले सूत कातीत नाहीत, तरी त्यांचे वस्त्र राजापेक्षा देखणे. मग तुम्ही उद्याची चिंता का वाहता, असा त्याचा आशय. आमची मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना म्हणाली होती, "पण पप्पा, पाखरांना कुठे भाडे भरावे लागते?" प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर द्यायला आम्हांला काही दिवस लागले. पाखरू घरट्यात बसून राहत नाही. पहाट झाली की ते उडते, दिवसभर दाणे टिपते, पिल्लांच्या चोचीत घास घालते. काम ते करतेच. पुढच्या वर्षीच्या दुष्काळाचे ओझे घेऊन मात्र उडत नाही. इतका साधा अर्थ कळल्यावर आम्हांला त्या वचनांचा धीर वाटू लागला.

आणखी एक गोष्ट. ख्रिस्ती मनुष्याने घाबरू नये, घाबरला तर त्याची श्रद्धा कच्ची, असे काही जण समजतात. शुभवर्तमान तसे सांगत नाही. पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः येशू व्याकूळ झाला होता. हा प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली आणि मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. मित्र झोपी गेले ते वेगळे. ज्याला आम्ही प्रभू मानतो तोच असा थरथरला असेल, तर आम्हांला भीती वाटण्यात लाज कसली? भीती वाटणे हे पाप नव्हे. भीतीच्या हाती घराच्या किल्ल्या देणे तेवढे टाळायचे.

आता आपल्या मराठी मुलखातल्याच दोन बायांची ओळख करून देतो. नावे आपणांस नवी नाहीत, पण या अंगाने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात थोडे तरी वाचले असेल. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, ते जन्मभर सुटले नाही. घरात येणारी वस्तू धुवायची, माणसांनी शिवाशिव सांभाळायची, आणि साऱ्या घराने त्यांच्या धाकात वावरायचे. आज आपण याला बहुधा आजार म्हणू. लक्ष्मीबाई हे सारे अशा विनोदाने सांगतात की हसता हसता डोळ्यांत पाणी यावे. एका माणसाच्या मनातली भीती घरातल्या सगळ्यांना कशी पुरते, हे त्यांनी लहानपणीच पाहिले.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, मनाने उदार, हातात पैसा न टिकणारे, कधी कुठे निघून जातील याचा नेम नसलेले. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि विचारांती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरी लहानगा दत्तू, माहेर-सासर दोन्हीकडे दुःख, समाजाचे बोल, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पुढची काही वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने वेगळी काढली. मग नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवून. धर्म बदलला नव्हता, आणि बाटण्याची धास्ती पावलोपावली होती.

ती धास्ती कशी गेली? टिळकांनी जुलूम केला नाही, कोणी चमत्कार दाखवला नाही. एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनात आले की हे उच्चनीचपण देवाने केलेले नसून माणसांनी केलेले आहे. एवढ्यावर मनातली गाठ सुटली. ज्या हातच्या पाण्याची भीती वाटे त्या हातचे पाणी त्या पिऊ लागल्या. पुढे स्वतःच्या निर्णयाने, नवऱ्याच्या मागाहून सुमारे पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही पाच वर्षे आम्हांला फार मोलाची वाटतात. भीती एका रात्रीत जात नाही. तिला तिचा वेळ द्यावा लागतो, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने तोवर धीर धरावा लागतो.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य सुखाचे झाले असेही नाही. नगरला प्लेग, दुष्काळ, पैशाची ओढाताण, सगळे होते. पण ज्या बाईला दुसऱ्याच्या स्पर्शाची धास्ती वाटे, तिने पोरकी मुले घरात घेऊन वाढवली. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले ते घरच्या मुलासारखे. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मिशनची पगाराची नोकरी सोडली. महिन्याच्या महिन्याला पगार येणे बंद होणे म्हणजे काय, हे बर्शात राहणाऱ्यांना सांगायला नको. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते, पण टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले, आणि १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त स्वतःच्या साऱ्या धास्त्या हसत हसत जगासमोर मांडल्या. १९३६ साली त्या गेल्या. आपल्या भीतीला हसता येणे हीसुद्धा श्रद्धेची एक खूण असावी, असे ते पुस्तक वाचून आम्हांला वाटते.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८५८ साली जन्म. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ साली नवरा गेला. पंचविशीच्या आत एवढी मरणे बघितलेली ही बाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंडला निघाली. त्या काळी मराठी विधवेने लेकरू कडेवर घेऊन समुद्र ओलांडायचा म्हणजे काय धाडस! आपण विमानतळावर निरोप घेताना रडतो, तेव्हा त्या बोटीची आठवण ठेवावी. त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली-बाया घेऊन आल्या. मुलीपणी दुष्काळात आपले सर्वस्व गमावलेली बाई पुन्हा दुष्काळातच शिरली, हे ध्यानात घ्यावे. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, सरकारी निर्बंध आले, आणि मुलींना ठेवायचे कुठे हा प्रश्न पडला. रमाबाईंनी केडगावला जमीन घेतलेली होती, तिकडे त्यांनी बिऱ्हाड हलवले. तेच पुढे मुक्ती मिशन. तिथे प्रार्थना तर होतीच, पण तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम झाले, छापखाना चालला, अंध मुलींना वाचायला शिकवले गेले. देवावर भरवसा टाकणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, याचा केडगावसारखा दाखला दुसरा मिळणार नाही. १९२१ साली मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. संस्था आजही आहे. दुःख टळले म्हणून रमाबाई निर्भय झाल्या असे कोणी म्हणू शकणार नाही. दुःख आले, पुन्हा पुन्हा आले, आणि दर वेळी त्यांनी कोणाची तरी काळजी घेतली.

थोरांच्या गोष्टी सांगणे सोपे. आमच्या लहानशा घरात याचे काय झाले, ते आता थोडक्यात.

आम्ही मूळचे नगरचे (२०२४ पासून अहिल्यानगर). आमच्यापैकी एकीचे नर्सिंगचे शिक्षण मिरजेला झाले, दुसऱ्याचे काम बांधकामाच्या हिशोबाचे. २००३ साली दुबईला आलो, २००७ पासून बर्शात आहोत. तेव्हा इथे जिकडे पाहावे तिकडे क्रेन होत्या. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदीचा तडाखा बसला आणि एकेक क्रेन थांबू लागली. जानेवारी २००९ मध्ये आमच्या घरातला मोठा पगार बंद झाला. व्हिसा रद्द झाल्यापासून तीस दिवसांची मुदत. घरमालकाकडे दोन चेक पुढच्या तारखांचे. मुलगी पहिलीत, मुलगा चालायला शिकत असलेला.

पहिले तीन दिवस आम्ही नुसती काळजी केली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते अक्षरशः अनुभवले. तुरुंगापासून तमाशापर्यंत सर्व काही कल्पनेत होऊन गेले. चौथ्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसून प्रार्थना केली. मोठी प्रार्थना नव्हती. जे काय भय होते ते एकेक करून, नाव घेऊन, मोठ्याने देवाला सांगितले. आश्चर्य असे की मोठ्याने म्हटल्यावर त्या भयांची संख्या मोजता आली. डोक्यात ती शंभर होती, तोंडाने सांगितली तेव्हा सात निघाली. मग मुलीची जुनी वही घेतली आणि त्या सातांचे दोन भाग केले. आपल्या हातातले पाच आणि हातात नसलेले दोन. दोन देवाकडे ठेवले. पाचांच्या मागे दुसऱ्या दिवशी सकाळपासून लागलो.

चेक वटण्याची तारीख येण्याआधीच इमारतीच्या व्यवस्थापकांकडे जाऊन खरी स्थिती सांगितली. ते वयस्कर मुसलमान गृहस्थ. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले आणि चेकांच्या तारखा पुढे ढकलून दिल्या. शाळेने फीचे हप्ते करून दिले. चौकशी करता कळले की नर्सच्या नोकरीवर नवऱ्याचा आणि मुलांचा व्हिसा काढता येतो. नियम पहिल्या दिवशीही तोच होता, पण नुसती काळजी करणाऱ्याला तो दिसत नव्हता. दोन बांगड्या विकल्या. ड्युटीचे डबे आणि मुलांची आंघोळ घरात असलेल्याने सांभाळली, आणि तो माणूस आमटी झकास करतो हा शोध सर्वांना लागला. पाच महिन्यांनी कमी पगाराची नोकरी मिळाली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला मेट्रो सुरू झाली, पहिल्या दहा स्थानकांत मॉल ऑफ द एमिरेट्सचे स्थानक होते, त्यामुळे गाडी विकूनही कामावर जाता येऊ लागले. यात चमत्कार म्हणण्यासारखे काही नाही. आम्हांला मात्र त्या चौथ्या रात्रीचे मोल कळते.

आता एक गोष्ट अशी सांगायची आहे, जिचा शेवट गोड नाही. ती टाळली तर हा लेख खरा होणार नाही.

नगरला आमचे वडील होते. घरात सून, मुलगा, नातवंडे सगळे त्यांना दादाच म्हणत. त्यांना काही झाले आणि आपल्याला पोचता आले नाही तर, ही भीती आम्ही सतरा वर्षे उशाशी घेऊन झोपलो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे विमाने बंद झाली. चर्चची दारेही बंद झाली. घरातली नर्स रोज ड्युटीवर जात होती, परतल्यावर वेगळ्या खोलीत राहत होती, आणि मुले दाराच्या फटीतून चिठ्ठ्या सरकवीत होती. मे महिन्यात भारतात परतणाऱ्यांसाठी सरकारची खास विमाने सुरू झाली, पण त्यांत जागा मिळणे, तिकडे विलगीकरणात राहणे आणि इकडे पुन्हा येऊ दिले जाईल की नाही, हे सारे अधांतरी. जूनमध्ये पहाटे फोन वाजला. दादा हृदयविकाराने गेले होते.

ज्याची सतरा वर्षे भीती वाटली तेच घडले. वीस माणसांच्या आत दफनविधी झाला, तो आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिला. माती टाकण्याचा आवाज ऐकू आला आणि मग रेंज गेली. त्या दिवशी प्रार्थनेला शब्द नव्हते. आम्ही चौघे एका दाराच्या दोन बाजूंना बसून होतो. श्रद्धेमुळे दुःख कमी झाले असे म्हणणार नाही. पण पुढच्या दिवसांत हळूहळू कळत गेले ते असे, की आम्ही नव्हतो तरी दादांची काळजी घेतली गेली होती. रात्री दवाखान्यात नेणारा शेजारचा मुसलमान मुलगा होता. चर्चच्या वडीलमंडळींनी कबरीची व्यवस्था केली. समोरच्या देशपांडे आडनावाच्या काकू नव्हेत, त्यांची सूनबाई, तोंडाला पदर लावून तीन दिवस आईला जेवण आणून देत होती. आम्ही इथे हजारो मैलांवर ज्या हातांसाठी प्रार्थना करीत होतो, ते हात देवाने गल्लीतूनच उभे केले. आमच्या भीतीने इतकी वर्षे सांगितले होते की तुम्ही नसाल तर कोणीच नसेल. भीतीचे ते म्हणणे खोटे ठरले. दादा गेले हे दुःख राहिले, पण भीती त्या दिवसापासून पूर्वीसारखी उरली नाही. आता आम्ही दर रविवारी आईशी बोलतो तेव्हा त्या सूनबाईशीही बोलतो.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. १९४९ पासून नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यानंतरचा या देशातला तो सर्वांत मोठा पाऊस, अल ऐनजवळ एका ठिकाणी २५४ मिलिमीटर. शेख झायेद रस्त्यावर गाड्या तरंगत होत्या. आपल्या मंडळातली पुष्कळ माणसे त्या रात्री ऑफिसात, मेट्रोच्या स्थानकात, अनोळखी लोकांच्या घरी अडकली. आमच्या मजल्यावर त्या रात्री चार घरांची माणसे एका घरात होती. एकीने पिठले टाकले, एकाने रामरक्षा म्हटली, आम्ही आमची प्रार्थना केली, आणि केरळच्या कुटुंबाने मेणबत्त्या दिल्या. कोणाची प्रार्थना आधी पोचली याची चौकशी कोणी केली नाही. पाणी ओसरेपर्यंत सगळे एकमेकांच्या मुलांची काळजी घेत होते.

इतक्या वर्षांत आमच्या घरात जे नेम ठरून गेले आहेत, ते इथे देतो. ज्यांना जे पटेल ते घ्यावे.

रात्री जेवणानंतर दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसायचे. आम्ही 'उपासना संगीता'तले एखादे पद म्हणतो. टिळकांची पदे त्यात आहेत, आणि मुलांचे मराठी त्यानेच टिकले. मग प्रत्येकाने दिवसातली एक भीती आणि एक चांगली गोष्ट सांगायची. मुलांसमोर मोठ्यांनीही सांगायची. आईबापही घाबरतात आणि तरी सकाळी उठून कामाला जातात, हे मुलांना कळले तर ती आपले भय मनात दाबून ठेवत नाहीत.

भय मोठ्याने सांगावे, आणि मग वही घ्यावी. हातातले आणि हातात नसलेले वेगळे करावे. देवाकडे ठेवलेले रात्रीत पुन्हा परत मागून घेऊ नये. आम्ही घेतो, पण कमी वेळा घेतो.

जे सांभाळता येते ते सांभाळावे. १ जानेवारी २०२३ पासून इथे बेकारी विमा बहुतेक नोकरदारांना सक्तीचा झाला आहे. नोकरी गेल्यास अटींप्रमाणे तीन महिन्यांपर्यंत मूळ पगाराच्या साठ टक्के रक्कम मिळते. विम्याचा हप्ता भरणे म्हणजे देवावरचा विश्वास कमी होणे नव्हे. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले, ते देवाचे ऐकूनच.

रविवारी माणसांत जावे. पूर्वी इथली मुख्य उपासना शुक्रवारी असे. २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी झाल्यावर रविवार पुन्हा रविवारासारखा वाटू लागला. जबल अलीला एकाच परिसरात निरनिराळ्या पंथांची चर्चेस आहेत, या देशाच्या राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनीवर. ज्यांचे देवघर घरातच आहे त्यांनीही आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी दारी जावे. एकट्याची चिंता चितेसारखी जाळते. दोघांत एका अनुस्वाराचाच फरक, असे आपले म्हातारे म्हणतच आले आहेत.

आणि शेवटचा नेम, जो आमच्या घरातली नर्स फार जोराने सांगते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाची गोळी घेताना कोणी श्रद्धा कमी झाली म्हणत नाही, मनाच्या औषधालाही म्हणू नये. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना त्या काळी असे कोणी भेटले असते, तर एका घराचे हाल पुष्कळ कमी झाले असते.

सध्या कोणाच्या घरी पगार थांबला असेल, कोणाचे वडील गावाकडे दवाखान्यात असतील, कोणाचा मुलगा परीक्षेच्या धास्तीने जेवत नसेल. त्यांनी आमच्याकडे अवश्य यावे. रात्री नऊनंतर आम्ही दोघांपैकी एक तरी घरी असतोच. चहा मिळेल, वही-पेन्सिल मिळेल, आणि आपली हरकत नसेल तर आपले नाव घेऊन आम्ही प्रार्थना करू. हरकत असेल तर नुसता चहा.

प्रभू आपणा सर्वांच्या घरात शांती नांदवो.